परतविलेला वार : कृतीच्या अर्थवत्तेचा प्रश्न

‘वाचन ही कृती आहे’ हे विधान आपल्या समीक्षेत आता इतके रुळले आहे, की ते एक रूपक आहे याचे भान सहसा राहत नाही. वोल्फगांग इझरच्या मांडणीतील वाचक संहितेतील रिक्त जागा भरतो. याउसच्या मांडणीतील वाचक आपले अपेक्षाक्षितिज घेऊन संहितेला सामोरा जातो. परंतु या दोघांचेही ‘करणे’ मनातले आहे. एखादी रिक्त जागा चुकीची भरली गेली तर आकलन उणे राहील, एवढेच. कादंबरीचे पुढचे पान उलटण्यास वाचकाला कोणी मज्जाव करीत नाही. एस्पेन आर्सेथ याने १९९७ साली ‘सायबरटेक्स्ट’ या ग्रंथात ज्या संहितांना ‘एर्गोडिक’ म्हटले, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतून पुढे सरकण्यासाठी नजर फिरविण्याहून अधिक असे काही श्रम करावे लागतात, आणि ते न जमल्यास संहिता त्या वाचकापुरती तेथेच थांबते.

व्हिडिओ गेम हा या वर्गातला आज सर्वाधिक परिचित प्रकार. एका विद्यार्थ्याने संशोधनासाठी हा विषय निवडला होता. विषय-मंजुरीच्या बैठकीत त्याला विचारण्यात आले, की या खेळांत बोटांच्या चपळाईपलीकडे काय आहे? कथा असेल तर कथेचा अभ्यास करा, चित्रे असतील तर चित्रांचा करा. कळ दाबण्याचा अभ्यास हा साहित्याचा अभ्यास कसा? मी त्या बैठकीत होतो. प्रश्न खोडसाळ नव्हता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. विषय नामंजूर झाला. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. त्यासाठी मी मुद्दामच अशी एक क्रिया निवडली आहे, की जिच्यात बोटांच्या चपळाईपलीकडे काही नसावे असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. ती म्हणजे अद्भुतरम्य रोल-प्लेइंग खेळांतील ‘पॅरी’.

प्रथम संज्ञेविषयी. शस्त्रविद्येची मराठी परिभाषा या बाबतीत पुरेशी सूक्ष्म आहे. वार अडविणे, वार चुकविणे आणि वार परतविणे या तीन भिन्न क्रिया होत. अडविणारा ढालीमागे उभा राहून आघात सोसतो. चुकविणारा आघाताच्या वाटेतून बाजूला होतो. परतविणारा आघाताच्या वाटेतच हात घालतो आणि प्रतिपक्षाचा पवित्रा मोडतो. पॅरी ही तिसरी क्रिया. ‘स्ट्रीट फायटर ३’ या १९९७ सालच्या द्वंद्वखेळात हा भेद दिशेनेच व्यक्त झाला होता : वार अडवायचा तर खेळाडूने दांडी मागे ओढावयाची, परतवायचा तर वार पोचण्याच्या क्षणी ती शत्रूच्या दिशेने पुढे ढकलावयाची. बचावासाठी पुढे जाणे हा येथे अलंकार नव्हे. ती बोटांना दिलेली प्रत्यक्ष सूचना आहे.

आता ‘डार्क सोल्स’ घेऊ. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने, हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली, २०११ साली हा खेळ प्रसिद्ध केला. यातील प्रत्येक वाराला तीन अवस्था असतात. शस्त्र उचलले जाते, ते घाव घालीत पुढे येते, आणि मग वार करणारा स्वतःला सावरतो. पॅरीलाही नेमक्या याच तीन अवस्था आहेत. कळ दाबल्यावर डाव्या हातातील ढाल झटक्याने बाहेर फेकली जाते. त्या हालचालीतील अगदी थोडा भाग परिणामकारक असतो. उरलेल्या लांब भागात नायक उघडा पडतो. शत्रूचा ‘घाव’ आणि ढालीचा तो अल्प परिणामकारक भाग एकमेकांवर पडले तर शत्रूचा तोल जातो. मग समोरून एकच हलका वार केला की प्राणघातक प्रत्याघात घडतो, आणि त्या प्रत्याघाताच्या अवधीत नायकाला कोणतीही इजा होत नाही. गणित चुकले तर मात्र घाव अंगावर. वेळ किंचितच चुकली तर इजा थोडी कमी होते, पण शत्रूचा पवित्रा मोडत नाही.

यात ढालीचा प्रकार निर्णायक ठरतो. अवजड महाढालीने पॅरी करताच येत नाही. मध्यम ढालींनी येते. छोटी गोल ढाल किंवा त्यासाठीच घडविलेला डाव्या हाताचा खंजीर यांना सर्वांत सोयीस्कर अवधी मिळतो. पण त्यांच्यामागे लपावे म्हटले तर त्या आघात पुरता शोषून घेत नाहीत. ज्याने वार परतविणे सोपे त्याने वार अडविणे कठीण, असा हा व्यस्त संबंध आहे. खेळाडू काय पाठीशी बांधतो यावरून त्याने आपल्या भयाशी कोणता करार केला आहे हे कळते. ही निवड एखाद्या पात्राच्या स्वभावचित्रणाइतकीच बोलकी असते, मात्र येथे ती निवेदकाने सांगितलेली नसते.

या ठिकाणी रोल-प्लेइंग या प्रकाराच्या मुळाशी असलेली एक गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते. १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून या परंपरेत पात्र म्हणजे आकड्यांचा एक समुच्चय. बल इतके, चापल्य इतके, बुद्धी इतकी. पात्राचा वार लागला की चुकला हे फासा आणि आकडे ठरवितात; खेळणाऱ्याचा हात कापत असला तरी त्याच्या योद्ध्याचा हात कापत नाही. पात्र आणि खेळणारा यांच्यातील हे अंतर म्हणजेच ‘भूमिका’. ‘डार्क सोल्स’ही आकड्यांनी भरलेला आहे, त्यातही चापल्य नावाचा आकडा आहे. परंतु तो कितीही वाढविला तरी पॅरीचा अवधी वाढत नाही. अवधी ठरतो हातातल्या वस्तूवरून, आणि तो साधतो की नाही हे ठरते खुर्चीत बसलेल्या माणसाच्या देहावरून. प्रत्याघात किती खोल जाईल हे पात्राच्या आकड्यांवर अवलंबून, पण तो करण्याची संधी मिळेल की नाही हे त्यांच्यावर अवलंबून नाही. एकाच क्रियेचे दोन अर्ध असे दोन वेगळ्या कर्त्यांकडे सोपविलेले आहेत. ‘मी त्याचा वार परतविला’ या वाक्यातील ‘मी’ कोण, हा प्रश्न आपण कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदनाविषयी नेहमी विचारतो. येथे तो व्याकरणाचा न राहता स्नायूंचा होतो.

आणि तरीही ही चपळाई नव्हे. हा मुद्दा त्या बैठकीत मला सुचावयास हवा होता. दृश्य संकेताला साधा प्रतिसाद देण्यास माणसाला सुमारे पाव सेकंद लागतो. हा खेळ मूळ यंत्रांवर सेकंदाला ३० चौकटी या गतीने चालण्यासाठी रचलेला होता. म्हणजे पाव सेकंदात सात-आठ चौकटी निघून जातात, तर परिणामकारक भाग मोजक्याच चौकटींचा. वार येताना पाहून जो कळ दाबतो त्याला उशीर झालेला असतो. यशस्वी खेळाडू वार पाहत नाही, उचल वाचतो. खांदा किती मागे गेला, पाऊल कोणते पुढे पडले, यावरून तो पुढचे वाक्य पूर्ण करतो आणि त्या अजून न घडलेल्या वाक्याला उत्तर देतो. ऱ्होडी वाचणे आणि लिपी वाचणे यांत गुणात्मक भेद आहे हे मान्य. पण संदर्भावरून वाक्याचा शेवट आधीच ओळखणे हा प्रत्येक वाचनाचा गाभा असतो, आणि इझरने ज्या अपेक्षा-पूर्वस्मरणाच्या हालचालीचे वर्णन केले ती येथे अक्षरशः मोजता येते. शिवाय प्रतिपक्षही वाचतो. ‘डार्क सोल्स’च्या आरंभीच्या भागात बाल्डर नाइट नावाचे सैनिक भेटतात, त्यांच्यातील पातळ तलवारवाले तुमचाच वार परतवितात. पुष्कळांना ही क्रिया प्रथम कळते ती कर्ता म्हणून नव्हे, कर्म म्हणून.

येथवरचे विवेचन एखादा रूपवादी समीक्षक सहज मान्य करील. मर्ढेकरांच्या लयसिद्धांतातील संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे या द्वंद्वांना इतकी चपखल लागू पडतात, की मोह आवरत नाही. फ्रॉमसॉफ्टवेअरचाच २०१९ सालचा ‘सेकिरो’ हा तर जणू त्यांच्यासाठीच रचलेला वाटतो. (काटेकोरपणे पाहता तो रोल-प्लेइंग वर्गात बसत नाही, हे नमूद केले पाहिजे.) युद्धकालीन जपानच्या एका कल्पित मुलखात घडणाऱ्या या खेळात तलवारीवर तलवार घेणे हेच मुख्य कर्म आहे. शत्रूच्या जीवनशक्तीबरोबरच त्याच्या पवित्र्याचे एक माप असते. मूळ जपानीत यासाठी शरीराच्या मधल्या गाभ्याचा अर्थ असलेला शब्द आहे. प्रत्येक अचूक परतविण्याने ते माप भरत जाते आणि पूर्ण भरल्यावर एकाच घावात अंत होतो. खेळाडूचाही पवित्रा मोडू शकतो, पण नेमक्या क्षणी परतविलेल्या वाराने तो कधी मोडत नाही. नुसती कळ बडवीत राहिले तर अचूकतेचा अवधी आखडत जातो. परिणामी आक्रमण आणि बचाव हे दोन वेगळे पक्ष उरत नाहीत. दोघांनी मिळून एक ताल धरावा तसे ते होते. विरोधातून संवाद आणि त्याच्या टोकाला समतोलाचा भंग, असे हे द्वंद्व मर्ढेकरी परिभाषेत निःशेष वर्णिता येईल.

निःशेष, हीच अडचण आहे. लयीचे वर्णन पुरे झाले की सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि बैठकीतील प्रश्न पुन्हा उभा राहतो : सुंदर असेल, पण त्याचा अर्थ काय? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन ध्रुव दाखविले, त्यांतील दुसऱ्या ध्रुवावर आपण येऊन ठेपतो. खेळांच्या अभ्यासातही हेच घडले. खेळ म्हणजे कथन मानणारे आणि खेळ म्हणजे नियमव्यवस्था मानणारे यांचा वाद या शतकाच्या आरंभी बराच गाजला. इयन बोगोस्ट याने २००७ साली नियमांच्या प्रक्रियाच काही प्रतिपादन करतात असे मांडून त्यातून वाट काढण्याचा प्रयत्न केला. मला त्याची दिशा पटते. पण त्याची उदाहरणे बहुधा काहीतरी पटवून देऊ पाहणाऱ्या खेळांची आहेत, आणि पटविणे म्हणजे अर्थ नव्हे.

म्हणून ‘डार्क सोल्स’च्या शेवटाकडे वळतो. या खेळाच्या विश्वात ग्विन हा आद्य राजा. पहिल्या अग्नीतून त्याला सामर्थ्य लाभले, विजांच्या अस्त्रांनी त्याने ड्रॅगनांचे युग संपविले. अग्नी विझू लागला तेव्हा तो तेवत राहावा म्हणून त्याने स्वतःलाच सरण केले. अनेक तासांच्या प्रवासात खेळाडूने त्याच्याविषयी ऐकलेले असते, त्याच्या नगरातून तो गेलेला असतो, ग्विनच्या चार श्रेष्ठ नाइटांचा प्रमुख ऑर्नस्टाइन याच्याशी लढलेला असतो. ऑर्नस्टाइनचे वार परतविता येत नाहीत. खेळातील बहुतेक महाशत्रूंचे येत नाहीत. ते इतके प्रचंड किंवा अमानुष असतात की तेथे छोटी ढाल पुढे करणे हास्यास्पद ठरते. परतविण्याची क्रिया सामान्य सैनिकांपुरती आहे असे खेळाडू गृहीत धरू लागतो.

आणि मग स्वतः ग्विन समोर येतो. त्याच्या हाती विजा नाहीत, एक जळती तलवार आहे. तो धावून येतो, उसंत देत नाही, जखम भरून काढण्यास वेळ देत नाही. पार्श्वभूमीला युद्धाचे संगीत नाही. मोतोई साकुराबा यांची मंद, एकाकी पियानोची रचना आहे. आणि त्याचे वार परतविता येतात. ज्या युक्तीने पहिल्या काही तासांत एखादा सडलेला पहारेकरी लोळविला, त्याच युक्तीने हा देवराजा गुडघ्यावर येतो. पुनःपुन्हा येतो. ज्याला पॅरी साधते त्याला ही लढाई आधीच्या कित्येक लढायांपेक्षा सोपी जाते, आणि पुष्कळ खेळाडूंनी याविषयी अपेक्षाभंग व्यक्त केला आहे. माझ्या मते तो अपेक्षाभंग हाच या प्रसंगाचा आशय आहे. देव उरला नाही, राख उरली आहे, हे कोणतेही पात्र शब्दांत सांगत नाही. ते डाव्या हाताला कळते. ज्ञान आधी स्नायूंत येते आणि मग त्याची खंत वाटते, हा क्रम कादंबरीला साधणे कठीण आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की ग्विनची आकृती माणसासारखी असल्यामुळे मानवी शत्रूंना लागू असलेला नियम त्यालाही तांत्रिक योगायोगाने लागू झाला असेल. त्यात अर्थ शोधणे म्हणजे छपाईच्या चुकीत ध्वनी शोधणे. कर्त्याच्या हेतूचा प्रश्न विमसाट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ मध्येच बाजूला सारला आहे असे सांगून येथे सुटका करून घेता येईल, पण त्याची आवश्यकता नाही. संहितेतच पुरावा आहे. ग्विनपर्यंत नेणाऱ्या राखेच्या वाटेवर ब्लॅक नाइट उभे असतात. हे त्याचेच योद्धे, त्याच्या मागोमाग गेलेले आणि त्याच आगीत करपलेले. त्यांचे वार परतविता येतात. म्हणजे राजासमोर उभे राहण्यापूर्वी संहिता खेळाडूकडून राजाच्या जळालेल्या सैनिकांवर तीच क्रिया गिरवून घेऊ शकते, आणि मग राजाही त्यांच्यातलाच एक आहे हे उघड करते. अशा क्रमाला आपण अन्यत्र पूर्वसूचन म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ग्विनला पॅरी न करताही हरविता येते. महाढालीमागे राहून, मंत्रांनी, किंवा कुणाची मदत घेऊन. असंख्य खेळाडूंनी तसेच केले असणार. मग मी सांगितलेला अर्थ त्यांच्या संहितेत होता का? शब्दसंहितेत न कळलेले वाक्य निदान पानावर असते. माझे उत्तर असे, की खेळाच्या संहितेत अर्थ घटनेत नसतो, अनुज्ञेत असतो. काय घडले यापेक्षा काय घडू देण्यात आले आहे हे येथे वाचावयाचे. ऑर्नस्टाइनच्या बाबतीत ही अनुज्ञा नाही, ग्विनच्या बाबतीत आहे. खेळाडूने ती वापरली वा न वापरली तरी हा भेद संहितेत लिहिलेलाच आहे. मात्र या उत्तराची एक किंमत आहे. अनुज्ञेची चाचपणी करावयाची तर हात तयार असावा लागतो, आणि समीक्षकाचे आकलन त्याच्या कौशल्यावर अवलंबून राहते. पन्नाशी ओलांडल्यावर मी हे शिकलो. बाल्डर नाइटांपाशी माझे अनेक रविवार गेले. त्या काळात या संहितेविषयी मी काही लिहिले असते तर ते पहिल्या प्रकरणावरून कादंबरीचे परीक्षण ठरले असते.

याच अंगाने २०१९ मध्ये ‘सेकिरो’च्या निमित्ताने मोठा वाद झाला. त्यात काठिण्य कमी करण्याची सोय नव्हती. ज्यांचे हात वा डोळे सर्वसाधारण वेगाने चालत नाहीत त्यांना हे दार बंद का, असा प्रश्न विचारला गेला, तर काठिण्य हाच कलाकृतीचा आशय आहे असे दुसरा पक्ष म्हणाला. मला दुसऱ्या पक्षाची भूमिका सोयीस्कर वाटते, खरी वाटत नाही. ग्विनच्या प्रसंगाचा अर्थ ‘परतविता येते’ या अनुज्ञेत आहे, अवधी इतक्याच चौकटींचा आहे यात नाही. तो अवधी दुप्पट केला तरी ऑर्नस्टाइन आणि ग्विन यांतील भेद तसाच राहील. ‘सेकिरो’बद्दल मी इतक्या निःशंकपणे बोलू शकत नाही, तेथे ताल हाच आशय असल्याने अवधी सैल केल्यास काही हरवेल. पण जे हरवेल ते कोणाला कधीच मिळणार नव्हते, याचाही हिशोब केला पाहिजे.

वाचकाच्या सवयीचा उपयोग संहिता त्याच्याविरुद्ध कसा करते, याचे उदाहरण २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये आहे. गडाच्या वाटेवर मार्गिट नावाचा शत्रू आडवा येतो. तो सोटा उचलतो, आणि थांबतो. आधीच्या खेळांनी शिकविलेला ताल ज्याच्या अंगात भिनला आहे त्याचे बोट त्या विरामात हमखास आधी पडते, आणि सोटा त्यानंतर खाली येतो. नवख्याला हा विराम केवळ चमत्कारिक वाटतो. जुन्या खेळाडूला मात्र तो आपल्याच स्मृतीने केलेला दगा असतो. श्क्लोव्हस्कीचे अपरिचितीकरण आणि याउसचे क्षितिजभंजन या दोहोंना एका हालचालीत गाठणारा हा विराम आहे, आणि तो एका संहितेत पुरा होत नाही. त्याला पूर्वीच्या संहिता वाचलेला देह लागतो.

अलीकडचा ‘क्लेअर ऑब्स्क्युर : एक्स्पिडिशन ३३’ (२०२५) हा फ्रान्समधील सँडफॉल संस्थेचा खेळ मात्र पॅरीला अगदी अनपेक्षित जागी नेऊन ठेवतो. तो पाळीपाळीने खेळावयाचा आहे. १९८६ चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ चा ‘फायनल फँटसी’ यांच्यापासून चालत आलेल्या या प्रकारात शत्रूची पाळी आली की खेळाडूने हात बांधून बसावयाचे असते. येथे शत्रूच्या पाळीतच वार चुकविता किंवा परतविता येतो. चुकविण्याचा अवधी ऐसपैस, परतविण्याचा चिंचोळा. परतविला तर पुढच्या कृतीसाठी बळ मिळते, आणि एका पाळीतले सगळे वार परतविले तर उलटा घाव आपोआप बसतो. कथा अशा नगराची आहे, की जेथे दरवर्षी एक आकडा रंगविला जातो आणि त्या वयाची माणसे नाहीशी होतात. ज्यांची पाळी ठरलेली आहे अशा लोकांना दुसऱ्याच्या पाळीत हात घालण्याची मुभा खेळाच्या नियमाने दिली आहे. येथे काठिण्याचे तीन स्तर आहेत आणि सोप्या स्तरावर अवधी वाढतो. तरीही मुभेचा अर्थ बदलत नाही, हे वरील विधानाला पूरक म्हणून नोंदवितो.

भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त रंगभूमीवरील शस्त्रसंचालनासाठी भारत, सात्वत, वार्षगण्य आणि कैशिक असे चार न्याय सांगितले आहेत, आणि शस्त्राचा प्रत्यक्ष घाव न पडता तो केवळ अभिनयाने सूचित व्हावा अशी अपेक्षा आहे. तेथे कोणता योद्धा पडणार हे आधीच ठरलेले असते. प्रेक्षक निश्चिंत असतो, म्हणून तो आस्वाद घेऊ शकतो, असे आपण समजतो. पॅरी करणारा निश्चिंत नसतो, आणि तरी त्याला काही कळते. आस्वादासाठी तटस्थता अपरिहार्य आहे का, या जुन्या वादात हे उदाहरण कोणत्या बाजूने उभे राहते याची तपासणी कोणीतरी सविस्तर केली पाहिजे. ज्या विद्यार्थ्याने ती करावयाची होती त्याने आता ग्रामीण कादंबरीतील निवेदनपद्धती हा विषय घेतला आहे, आणि त्याचे काम चांगले चालले आहे.